सतरा फूट कमी भरलेली मारबत

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसानं म्हातारपणी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक काढू नये, असा काही सरकारी नियम नाही. असता, तर नागपूरच्या नंदनवनातल्या मारोतराव चाफल्यांनी तो नक्की पाळला असता. नियम मोडायची त्यांना जन्मात सवय नव्हती. पण नियम नव्हता. आणि घरात खुशी नावाची पाच वर्षांची नात होती, आणि ती नात गेले अकरा महिने त्यांच्या खांद्यावर बसत नव्हती.

खांद्याचं प्रकरण ऐकणाऱ्याला किरकोळ वाटेल. मारोतरावांना वाटत नव्हतं. पोरगी मान धरायला लागली तेव्हापासून त्या खांद्यावर तिचा कायमचा कब्जा होता. भाजी आणायला, पिठाची गिरणी, वीजबिलाची रांग, सगळीकडे वर खुशी आणि खाली मारोतराव. धंतोलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या मणक्याचा फोटो उजेडासमोर धरून "पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही" असं बजावलं, तेव्हा त्यांनी "नात धरून का जी?" असं विचारलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडे, रुख्मिणीबाईंकडे पाहिलं. त्या दिवसापासून मारोतराव बायकोची पाठ वळली की नातीला उचलायचे. आता बायकोची पाठ दिवसातून पन्नास वेळा वळे आणि खांदा मोकळाच राही.

घडलं ते मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते आणि दुपारी तान्हा पोळा भरतो, हे नागपूरकराला सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की मारबत म्हणजे कागद आणि बांबूची भली थोरली बाई. "रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत अख्खं गाव आपली पीडा तिच्या गळ्यात घालतं, तिला वाजतगाजत मिरवतं आणि शेवटी जाळून टाकतं. दुपारी मुलं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ ठेवतात. "तिले नका नेऊ बाबा, लय गर्दी राहते," असं सून रीना म्हणाली होती. मारोतरावांनी नेलं. गर्दीत खांद्यावरून खुशीनं काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी सांगितलं. ढोलांच्या दणदणाटात दोघांनीही ते ओरडूनच केलं. घरी आली तेव्हा पोरगी ठीक होती. गल्लीत पोरांबरोबर अर्धा तास खेळली. मग घरात आली ती आलीच.

त्यानंतर गल्ली बंद, खांदा बंद. कुठं वरातीचा ढोल वाजला तरी ती फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसे. तिचा शिसवी बैल टीव्हीच्या वर चढला तो तिथंच धूळ खात राहिला. रीना सासऱ्यांना एका शब्दानं बोलली नाही. सुनेचं बोलणं एक वेळ सहन होतं. न बोलणं सहन होत नाही.

मग रीनानं पुस्तकं आणली. सुंदर, गुळगुळीत, मऊ रंगांची. एकात ससा अंधाराला भ्यायचा, एकात अस्वलाचं पिल्लू झोक्याला भ्यायचं, एकात कासवाला मित्र नव्हता. सोळाव्या पानापर्यंत सगळ्यांचं सुरळीत व्हायचं. खुशी मन लावून ऐके, "छान आहे" म्हणे, आणि फ्रीजमागे जाई. मारोतरावांनी चष्मा लावून ती सगळी पुस्तकं निविदा तपासावी तशी तपासली आणि त्यांचा स्वाभिमान दुखावला.

"अस्वल भ्यालं तर पुस्तक आहे. नंदनवनची पोरगी मारबतले भ्याली, तर तिचं काहून नाही?"

"असं पुस्तक कोण काढन बाप्पा?" रुख्मिणीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्याच संध्याकाळी माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला.

गोष्ट मारोतरावांना पाच मिनिटांत सुचली. मारबत खुशीची भीती पोटात घालून घेऊन जाते, संपलं. चित्राला मात्र नऊ दिवस लागले, कारण त्यांचा हात धरणं, कालवे आणि उपसा विहिरींवर तयार झालेला. त्यांनी मारबतीची दर्शनी बाजू काढली, बाजूचा देखावा काढला, वरून दिसणारा आराखडा काढला. हसू काढायला कंपासपेटी घेतली. खाली नेटकेपणानं लिहिलं: प्रमाण १:५०, प्रत्यक्ष उंची २० फूट. आणि उजव्या कोपऱ्यात सवयीनं तीन चौकोन आखले: आरेखक, तपासले, मंजूर.

खुशी फटीतून बाहेर आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"आबाजी, ही पाण्याची टाकी आहे?"

"मारबत आहे, बेटा."

"मंग पोट कुठं आहे?"

पोट दाखवायचं म्हणून मारोतरावांनी मारबतीचा उभा छेद काढला. छेद अ-अ. आत तिरप्या रेघा मारल्या आणि मधोमध एक छोटा गोळा काढून लिहिलं, 'खुशीची भीती'. खुशीनं त्या गोळ्यावर बोट ठेवलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांच्या इतकी जवळ उभी होती की तिच्या केसांचा खोबरेल तेलाचा वास आला.

"आणखी किती मावते हिच्यात?" तिनं विचारलं.

"लय मावते!" मारोतराव आनंदानं म्हणाले. पोरगी पुन्हा फटीत गेली. तिथंच त्यांना शंका यायला हवी होती. पण कलाकाराला आपलं चित्र कुणी पाहिलं की शंका येत नाहीत.

पुस्तक तिथंच थांबतं तर ही कथा झाली नसती. पण शेजारी नावाची एक गोष्ट असते. डावीकडे राहायचे मनोहरराव, रिटायर मुख्याध्यापक. त्यांनी 'तपासले' या चौकोनात न विचारता सही केली आणि म्हणाले, "मारोतराव, पुस्तकात व्यापक सामाजिक आशय पाहिजे. एकट्या पोरीच्या भीतीनं काय होते गा?"

"मंग काय टाकू?"

"माझ्या फाटकासमोर लोक गाड्या लावून राहिले. तो आशय घ्या."

मारबतीच्या पोटात एक मोटारसायकल आली, चाकांच्या व्यासासह. उजवीकडच्या कांताबाईंना हे भिंतीवरून कळलं. त्यांनी आपले दोन्ही गुडघे लिहून दिले. त्यांच्या सात वर्षांच्या नातवानं, अंकितनं, आपला खोकला दिला. दर वर्षी तोच देतो म्हणाला. समोरच्यांनी विजेचं जाणं दिलं, कोपऱ्यावरच्यांनी डुकरं दिली. एके दुपारी बोर्डावर एक चिठ्ठी सापडली, 'घोरणे', अक्षर रुख्मिणीबाईंचं. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं. मारोतरावांनी अपमान गिळला आणि तेही पान काढलं, कारण आलेला अर्ज निकाली काढायचा असतो. एक पान होतं त्याची चौदा झाली. आणि प्रत्येक पानागणिक खुशी चित्र बघायला येई, पोटाला हात लावी आणि आणखी थोडी उदास होऊन परत जाई.

छपाईला ते विक्कीच्या दुकानात गेले. विक्की फ्लेक्सवाला, वाढदिवस, निवडणूक आणि श्रद्धांजली यांपलीकडे त्यानं काही छापलं नव्हतं.

"काका, कागद काहून? फाटते. फ्लेक्सवर मारू. पाण्यात टाका, काही होत नाही. पण तीन बाय दोन फुटाच्या खाली माझी मशीन घेत नाही."

अशा रीतीनं चौदा पानांचं, तीन फूट उंचीचं, कडेला पितळी छिद्रं पाडून सुतळीनं बांधलेलं बालवाङ्मय तयार झालं. वजन साडेचार किलो. डॉक्टरांच्या मर्यादेत बसलं, एवढंच समाधान.

"आता हे घरात नाही ठेवाचं," मनोहरराव म्हणाले. "तान्ह्या पोळ्याले बगिच्यात वाचू. सगळे पोरं येतीन, खुशीही येईन. फक्त परवानगी काढा."

खुशीही येईन! या दोन शब्दांसाठी मारोतराव वॉर्डातल्या ऑफिसात पाच वेळा गेले. पहिल्यांदा टेबल चुकलं, दुसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते, तिसऱ्यांदा ते जेवून आले होते म्हणून झोपले होते. चौथ्यांदा बाबूनं अर्ज वाचला.

"मारबत आहे का?"

"पुस्तकातली आहे जी. कागदाची."

"मारबत कागदाचीच राहते, काका. उंची?"

मारोतरावांनी अभिमानानं पुराव्यादाखल मूळ नकाशा पुढे केला. बाबूनं खालची ओळ वाचली. प्रत्यक्ष उंची २० फूट. त्यानं मारोतरावांकडे दयेनं पाहिलं आणि अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'उंच पुतळा. पोलीस पाहणी आवश्यक.' पाचव्यांदा ते हे समजवायला गेले की प्रमाण म्हणजे काय. तोवर कागद पुढे गेला होता, आणि पुढे गेलेला कागद मागे येत नाही हे मारोतरावांइतकं कुणाला ठाऊक असणार.

पोळ्याच्या दिवशी सकाळी हवालदार नत्थूजी हातात टेप घेऊन दारात उभे राहिले. पाठोपाठ मनोहरराव आले, कांताबाई आल्या, अंकित आला. खुशी अर्थातच फ्रीजमागे गेली.

"कुठं आहे मारबत?"

मारोतरावांनी दिवाणावरचं पुस्तक दाखवलं. नत्थूजींनी टेप लावला, पुन्हा लावला, उलट्या बाजूनं लावला.

"तीन फूट भरून राहिली. कागदावर वीस आहे. बाकीचे सतरा फूट कुठं ठेवले?"

"ते प्रमाण आहे जी. म्हणजे, पन्नास फुटाचा एक फूट..."

"पन्नास?" नत्थूजींनी डायरी काढली. "आता पन्नास म्हणून राहिले तुम्ही."

गच्ची पाहण्यात आली. गच्चीवर कांताबाईंच्या वाळत घातलेल्या साड्या होत्या. पलंगाखाली, मोरीत, पाण्याच्या टाकीतही पाहून झालं. सतरा फूट मारबत कुठं सापडली नाही, तेव्हा नत्थूजी घाम पुसत खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. रुख्मिणीबाईंनी दिलेला चहा त्यांनी दोन घोटांत संपवला आणि म्हणाले, "जाऊ द्या, तीनच लिहितो. फक्त रकाना नऊ भरा. दहनाची जागा आणि वेळ."

आता इथं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पुस्तकाचं दहन कसलं? पण मारोतरावांनी चौतीस वर्षांत एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. समोर रकाना आला की त्यांचं तोंड आपोआप उघडत असे.

"लिहा," ते म्हणाले, "बगिच्याचा कोपरा. उद्या संध्याकाळी पाच."

"नाही जाळाची!"

आवाज इतका मोठा होता की नत्थूजी उभे राहिले. फ्रीजमागून खुशी बाहेर आली होती. ती गणवेशातल्या माणसाच्या बाजूनं तशीच सरळ पुढे आली, दिवाणावर चढली आणि पुस्तकावर बसली.

"नाही जाळाची तिले! ती सगळ्यांचा खोकला नेते, सगळ्यांचे गुडघे नेते, आणि मंग तुम्ही तिलेच जाळून टाकता!"

मनोहररावांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"तू तिले भेत होती ना वं?" रीनानं हळूच विचारलं.

"तिले नाही!" खुशीच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी येत होतं. "अंकित म्हणाला, तू मारबत हो. मंग सगळ्या पोरांनी त्यांचा खोकला मले देला. आणि आबाजीनं सांगितलं होतं, मारबतले जाळाले नेते म्हणून. मी तर विचारलं होतं कुठं नेऊन राहिले."

मारोतरावांना आता सगळं स्वच्छ आठवलं. ढोलांच्या गदारोळात वरून आलेला तो प्रश्न, आणि खाली त्यांनी मजेत ठोकलेलं उत्तर: "जाळाले, बेटा! जाळाले!" इतके दिवस ते पोरीची भीती मारबतीच्या पोटात कोंबत होते, आणि पोरगी वर्षभर मारबतीसाठी आणि स्वतःसाठी रडत होती. त्यांना इतकी शरम वाटली की आपला हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"आणि खांद्यावर काहून नाही बसत?" त्यांनी विचारलं.

"मारबतलेही असंच उचलून नेते."

नत्थूजींनी खाकरून डायरी बंद केली. "रकाना नऊ," ते म्हणाले, "मी रेघ मारतो. जाळाचीच नाही तर पुतळा कसला, आणि पुतळा नाही तर परवानगी कायची?" अर्ज त्यांनी मारोतरावांच्या हातात दिला, आणि निघताना पुस्तकाला अलगद हात लावून गेले.

त्या दुपारी पुरणपोळीच्या ताटावरून उठून मारोतराव पुन्हा बोर्डावर बसले. या वेळी शेजारी खुशी बसून सांगत होती. मारबत घरी येते. हातपाय धुते. करंजी खाते. मोजपट्टी न लावता काढलेली मारबत वाकडी आली, एक हात आखूड राहिला, पण टाकीसारखी दिसेना. खाली त्यांनी उंची लिहिली नाही. 'मंजूर' या चौकोनात खुशीनं एक करंजी काढली.

"आता पोट रिकामं करा," ती म्हणाली. "तिले लय वजन होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल टीव्हीवरून खाली आला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि पाठीवर सुतळीनं बांधलेलं साडेचार किलोचं पुस्तक. दाराच्या उंबऱ्याशी खुशी थांबली. दूर कुठंतरी ढोल वाजत होता. मारोतराव मागे उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही, महत्प्रयासानं नाही केला. खुशीनं दोर ओढला आणि बैल खडखडत गल्लीत उतरला.

पहिलं घर कांताबाईंचं. त्या चॉकलेट घेऊन वाटच पाहत होत्या. खुशीनं सुतळी सोडून एक पान काढलं.

"आजी, हे तुमचे गुडघे. वापस घ्या."

"अवं पण दिलेली पीडा कोणी वापस करते का?"

"मारबतले उचलत नाही."

कांताबाईंनी तीन बाय दोनचे गुडघे छातीशी धरले आणि दुसरं चॉकलेट दिलं. मनोहररावांनी वाद घातला. हा सामाजिक प्रश्न आहे, ते म्हणाले. "तुम्हीच देलेली गाडी आहे," खुशी म्हणाली, आणि मोटारसायकल त्यांच्या फाटकाला टेकवून पुढे निघाली. वीज परत गेली, डुकरं परत गेली. लोक बोजारा देऊन आपापली पीडा घरात घेत होते, आणि गल्लीत कुणी कुणाकडे बघून हसत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं.

अंकित आपला बैल घेऊन नळाजवळ उभा होता. खुशी त्याच्यासमोर थांबली. तिची मूठ दोरावर घट्ट झालेली मारोतरावांना दिसली.

"हा तुझा खोकला."

अंकितनं पान घेतलं. थोडा विचार केला. मग, पावती द्यावी तसा दोनदा खोकला. "मंग आता मारबत कोण?"

"कोणीच नाही."

"मंग काय खेळाचं?"

"बैल-बैल," खुशी म्हणाली. अंकितनं आपल्या बैलाचा दोर तिच्या बैलाच्या शेपटीला बांधला आणि दोघं मिळून उरलेली घरं करून आले.

शेवटचं घर स्वतःचं. रुख्मिणीबाई फाटकात करंज्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. घोरणं त्यांनी मुकाट्यानं घेतलं. "दे बाई," म्हणाल्या, "त्याच्याशिवाय मले झोप थोडीच येते."

बैलाच्या पाठीवर आता दोनच पानं राहिली. करंजी खाणारी मारबत, आणि सगळ्यात पहिलं, छेद अ-अ.

"हे मी ठेवतो," मारोतराव घाईनं म्हणाले. खुशीची भीती त्यांना मनापासून हवी होती.

"नाही, हे माझं आहे." खुशीनं पान स्वतःच्या काखेत धरलं. ते जमिनीला घासत होतं. "थोडीशीच आहे. मी धरते."

मग ती तिथंच उभी राहिली. बैलाकडे पाहिलं, आजोबांच्या खांद्याकडे पाहिलं.

"पाय दुखून राहिले," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "आबाजी, उचललं तर कुठं नेऊन राहिले मले?"

"घरी, बेटा," मारोतराव म्हणाले. या वेळी ढोल वाजत नव्हता, तरी त्यांनी ते दोनदा सांगितलं. "घरी."

"मंग घ्या."

रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सतरा किलोच्या नातीकडे पाहिलं. धंतोलीच्या डॉक्टरांचं बोट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. त्यांनी करंज्यांचं ताट सावरलं आणि सावकाश, चांगली बराच वेळ टिकेल अशी, पाठ वळवली.